रानातला बाण आणि मैदानातले लक्ष्य

तिरंदाजीचा इतिहास सांगू लागलो की आपण बहुधा अर्जुनापाशी आरंभ करतो आणि एकलव्यापाशी येऊन हळहळतो. पुढचे कोणी विचारीत नाही. पुराणातले धनुष्य पुराणात राहिले, पण नाशिकच्या सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या भागांतले धनुष्य अगदी कालपरवापर्यंत माणसाच्या खांद्यावर होते. त्याला आपल्याकडे तिरकामठा म्हणतात. तिरकामठ्याने शिकार करणारा मनुष्य स्पर्धेच्या मैदानात कसा आला, आणि येताना त्याला काय टाकावे लागले व काय नव्याने शिकावे लागले, हा आजचा विषय आहे.

प्रथम हत्यार पाहू. भिल्लांचा कामठा बांबूचा. त्याची दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूचीच, कामटी तासून केलेली. बाणाला पिसे बांधलेली, टोकाला लोखंडी पाते. सारे घरी होते. विकत घ्यावयाचे ते बहुधा पातेच. म्हणजे गरिबाच्या ऐपतीतले हे हत्यार. त्याचे भांडवल पैशाचे नसून हाताच्या कसबाचे होते, आणि ते कसब बापाकडून मुलाकडे फुकट जात होते.

पेशवाई बुडाली त्या १८१८ साली इंग्रज खानदेशात आले आणि त्यांची गाठ सातपुड्यातल्या भिल्लांशी पडली. बळाने ते आटोपेनात, तेव्हा १८२५ साली औट्रमने त्यांचीच पलटण उभी केली. धरणगावला तिचे ठाणे झाले. गणवेश, पगार आणि बंदूक हातात आली. धनुर्धराला नोकरीत घेऊन त्याचे धनुष्य सोडविण्याची ही युक्ती होती. ती सर्वत्र चालली नाही. १८५७ साली आपल्याच सिन्नर भागात नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकाच्या भिल्लांनी लेफ्टनंट हेन्रीला ठार केले, आणि पुढे दोन वर्षे सरकारला दम घेऊ दिला नाही. १८५९ साली मिठसागरे येथे भागोजी पडला. त्यानंतर आला कायदा. १८७८च्या वनकायद्याने रान सरकारी झाले आणि त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या शिरणारा मनुष्य परका ठरला.

आता एक योगायोग पाहा. १९२० नंतर ऑलिंपिकमधून गेलेली तिरंदाजी ५२ वर्षांनी, १९७२ साली म्युनिकला परत आली. त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. कायदा आवश्यक होता, याबद्दल माझा वाद नाही. जनावरेच उरली नाहीत तर रान कसले? परंतु एका बाजूला जे कसब गुन्हा ठरत होते, तेच दुसऱ्या बाजूला पदकाचे साधन होत होते, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. १९७३ साली भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली.

या दोन बाजूंमधला पूल ओलांडणारा सर्वांत ठळक मनुष्य म्हणजे लिंबाराम. तो आपल्या जिल्ह्याचा नव्हे. उदयपूरकडच्या झाडोल भागातला, अहारी जमातीचा. बांबूच्या धनुष्याने पाखरे, तित्तिर मारणारा पोरगा. १९८७ साली सरकारी निवड चाचणी झाली, तीत तो निवडला गेला, दिल्लीला शिकला, आणि पुढच्याच वर्षी सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये उभा राहिला. १९९२ व १९९६ या ऑलिंपिकांतही तो होता. १९९१ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री. अर्जुनाच्या नावाचा पुरस्कार रानातल्या धनुर्धराला मिळाला, यात इतिहासाने थोडी भरपाई केली असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु यावरून कोणी असे समजू नये की शिकाऱ्याला मैदान सोपे जाते. शिकारी दबा धरतो, जवळ जातो, आणि एकच बाण सोडतो. तो चुकला तर सावज गेले. स्पर्धेत लक्ष्य हलत नाही, पण ते ७० मीटरांवर असते. फलक १२२ सेंटिमीटरांचा, आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरांचे. बाण सोडावयाचे ७२. पैकीच्या पैकी गुण ७२०. पुढे समोरासमोरच्या सामन्यात एका बाणाला २० सेकंद. शिकाऱ्याचे शहाणपण प्रत्येक प्रसंगी नवे असते. स्पर्धकाला तीच कृती ७२ वेळा जशीच्या तशी करावी लागते. यंत्रावर काम केलेल्या माणसाला हे चटकन समजेल: एक नग उत्तम करणे वेगळे आणि पाळीभर सारखाच नग काढणे वेगळे.

आरंभ कोठून करावा? आपल्या देशात बांबूच्या धनुष्याच्या ‘इंडियन राऊंड’च्या स्पर्धा होतात, अंतरे ३० व ५० मीटर. तिरकामठेवाल्याला हेच पहिले दार. त्यापुढे धातूचे व कार्बनचे धनुष्य आले, आणि तेथे ऐपत आडवी येते. कप्प्यांचे ‘कंपाऊंड’ धनुष्यही मुळात शिकाऱ्याच्याच डोक्यातून निघाले: अमेरिकेतल्या मिसुरीच्या ॲलन नावाच्या माणसाला १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. त्याच प्रकारात २०२३ साली बर्लिनला आपली अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. आणि टोकियोच्या ऑलिंपिकला गेलेला फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने घडविले.

म्हणून ‘आदिवासी म्हणजे जन्मजात तिरंदाज’ हे कौतुक मला धोक्याचे वाटते. जन्मजात म्हटले की शिकविण्याची जबाबदारी संपते. दक्षिण कोरियाच्या महिला संघाने १९८८ पासून २०२४ पर्यंत ओळीने दहा ऑलिंपिकांत सुवर्णपदक घेतले. ते रक्तातून आले नाही. शाळेतल्या मैदानापासून रचलेल्या शिक्षणातून आले. सराव हे श्रमच आहेत. कारखान्यातला उमेदवार काम शिकत असतो, तेव्हाही त्याच्या पोटाची सोय कोणी तरी करावी लागते. धनुष्य शिकणाऱ्या मुलाचे पोट काही निराळे नाही.

एकलव्याचा अंगठा मागितला गेला, याची आपल्याला लाज वाटते. आज अंगठा कोणी मागत नाही. पण पेठ-सुरगाण्याच्या मुलाच्या हातात धनुष्य, पुढ्यात मैदान आणि ताटात भाकरी पडत नसेल, तर अंगठा असून त्याने करावे काय?