धोक्याच्या बावट्याची कुळकथा

पावसाळा तोंडावर आला की कोकणात बातमी पसरते : बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. हर्णैपासून मालवणपर्यंत होड्या वर ओढल्या जातात, जाळी आवरली जातात. हा बावटा खरे तर कापडाचा नसतो. बंदराच्या उंच खांबावर दिवसा शंकू आणि नळकांड्याच्या आकाराची चिन्हे चढवायची आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे लावायचे, अशी ही रीत. तिचे कूळ मात्र कोकणातले नाही, ते कलकत्त्यात, हुगळीच्या काठी सापडते.

हेन्री पिडिंग्टन हा जहाजावरचा जुना कप्तान कलकत्त्यात स्थायिक झाला होता. जहाजांच्या नोंदवह्या चाळून तो वादळांचा अभ्यास करी. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, हे तो खलाशांना समजावून सांगे. ‘सायक्लोन’ हे नाव त्यानेच दिले. १८४८ च्या त्याच्या पुस्तकात शिंगापासून केलेल्या पारदर्शक चकत्या होत्या. त्या नकाशावर ठेवून कप्तानाने वादळाचे केंद्र कुठे आहे ते ओळखायचे. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला लिहिले की मातला नदीवर बंदर बांधू नका, वादळाची लाट ते गिळेल. तरीही तिथे पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि १८६७ च्या वादळात उद्ध्वस्त झाले. तोवर पिडिंग्टनही हयात नव्हता.

त्याआधीच, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर महावादळ आदळले होते. समुद्राचे पाणी हुगळीतून आत घुसले, नांगरलेली जहाजे साखळ्या तुटून एकमेकांवर आपटली आणि सुमारे ५० ते ६० हजार माणसे मेली. पुढच्याच महिन्यात मच्छलीपट्टणम बुडाले. वादळाची विद्या तेव्हा होती, तारायंत्रही होते. पण समुद्रावरची खबर बंदरापर्यंत पोचवणे हे कुणाचेच नेमून दिलेले काम नव्हते. बावट्याचा जन्म ही उणीव भरून काढण्यासाठी झाला.

१८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड यांनी १८६४ च्या वादळाचा सविस्तर अहवाल लिहिला. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, तेव्हा त्याची सूत्रे याच हेन्री ब्लॅनफर्डकडे आली. १८८० मध्ये ही व्यवस्था पश्चिम किनाऱ्यावर मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार या बंदरांपर्यंत पोचली. १ एप्रिल १८९८ पासून साऱ्या हिंदुस्थानच्या बंदरांना एकच संकेतमाला लागू झाली. तीच थोड्याफार फरकाने आजही चालते.

या मालेत अकरा नंबर आहेत. एक आणि दोन दूरच्या समुद्रातल्या धोक्याचे, तीन आणि चार बंदराजवळच्या खराब हवेचे. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. या शेवटच्या दोन गटांत वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार, की थेट बंदरावरच येणार, हेही नंबरावरून कळते. बाजू कळली की वारा कुठून कुठे फिरेल ते कळते आणि नांगर कसा टाकायचा तेही. पिडिंग्टनची विद्या अशी खांबावर चढली.

सर्वांत शहाणा नंबर अकरावा. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला धोका दिसतो आहे, असा त्याचा अर्थ. तार बंद पडेल हे या व्यवस्थेने आधीच गृहीत धरले आणि त्या घडीचा निर्णय जागेवरच्या माणसाच्या हाती सोपवला.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात धडकले. त्याचा अंदाज वेळेवर मिळाला होता आणि लोकांना हलवलेही गेले. पण वादळ गेल्यावर वीज नव्हती, मोबाइल मुके होते आणि कित्येक गावांचा संपर्क अनेक दिवस तुटलेला राहिला. आज इशारे मोबाइलवर येतात, हे चांगलेच आहे. पण मोबाइल बंद पडल्यावर भोंगा कुणी वाजवायचा, शाळेचे कुलूप कुणी उघडायचे, खाडीकाठच्या घरांना कुणी उठवायचे, हे प्रत्येक किनारी गावात नावानिशी ठरलेले असले पाहिजे. बंदरांसाठी ती तरतूद संकेतमालेतच आहे. गावांसाठी ती दर मे महिन्याच्या ग्रामसभेत व्हायला हवी.