लॉस अँजेलिस काउंटी शेरीफ विभाग

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस अँजेलिस काउंटीची पोलीस, तुरुंग व न्यायालय-सुरक्षा यंत्रणा. स्थापना १८५०. प्रमुखाला, म्हणजे शेरीफला, मतदार दर चार वर्षांनी थेट निवडतात. मुंबईचे नगरपालपद इंग्लिश शेरीफ परंपरेतलेच. पण ते मानाचे, एका वर्षाचे. येथे शेरीफच्या हाताखाली हजारो सशस्त्र डेप्युटी असतात. लॉस अँजेलिस शहराचे पोलीस दल वेगळे.

इतिहास : पहिले शेरीफ जॉर्ज बरिल. जानेवारी १८५७ मध्ये हुआन फ्लोरेसच्या टोळीचा माग काढताना शेरीफ जेम्स बार्टन व तीन साथीदार मारले गेले. १९१२ मध्ये मार्गारेट अ‍ॅडम्स डेप्युटी झाल्या. युजीन बिस्कायलूझ (१९३२–५८) व पीटर पिचेस (१९५८–८२) या दोघांच्या कारकिर्दींतच अर्धशतक गेले. २९ ऑगस्ट १९७० रोजी पत्रकार रूबेन सालाझार डेप्युटीने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मरण पावले; त्यामागील हेतूबाबत मतभेद आहेत.

लेकवुड पद्धत : विभागाचे खरे वैशिष्ट्य हेच. लाँग बीचमध्ये विलीन होणे टाळण्यासाठी लेकवुड वसाहत १९५४ मध्ये स्वतंत्र शहर झाली, पण स्वतःचे पोलीस दल तिने उभारलेच नाही. काउंटीशी करार करून शेरीफची सेवा विकत घेतली. इतर शहरांनीही तोच मार्ग धरला. आज काउंटीतील ८८ शहरांपैकी जवळजवळ निम्मी या पद्धतीत आहेत. किती गस्त हवी ते शहर ठरवते. डेप्युटीची रोज आठ तासांची पाळी आठवड्याचे सातही दिवस हवी असेल, तर ५६ तासांचे एकक घेतले जाते. रजेवरच्या डेप्युटीच्या जागी येणारा बदली डेप्युटी त्यातच धरलेला असतो. छोट्या शहराला गुन्हे-प्रयोगशाळा व हेलिकॉप्टरचा आधार मिळतो, मात्र डेप्युटीची नेमणूक आणि शिस्त शेरीफकडेच राहते.

तुरुंग : मेन्स सेंट्रल जेल (१९६३), ट्विन टॉवर्स (१९९७) इत्यादी.

नियंत्रण : अंदाजपत्रक पाच सदस्यांच्या पर्यवेक्षक मंडळाच्या हाती, पण शेरीफ मतदारांचा, त्यामुळे त्याला जाब कोणी विचारायचा हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. तुरुंगांतील मारहाणीच्या संघीय चौकशीत अडथळा आणल्याबद्दल माजी शेरीफ ली बाका २०१७ मध्ये दोषी ठरले. त्याआधी, २०१६ मध्ये, नागरी देखरेख आयोग नेमला गेला होता. २०२० मध्ये मतदारांनी त्याला साक्षीसमन्सचे अधिकार दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सबळ कारण असल्यास चार-पंचमांश मतांनी शेरीफला दूर करण्याचा अधिकार मंडळाला मिळाला. त्याच निवडणुकीत रॉबर्ट लूना यांनी अलेक्स व्हिलान्युएवांचा पराभव केला. डेप्युटींच्या अंतर्गत टोळक्यांचा वाद मात्र मिटलेला नाही.

अन्य : हवाई पथक, डोंगराळ भागातील शोध व बचाव, कॅटालिना बेटावर अ‍ॅव्हलॉन येथे ठाणे.