गृहपाळणाघर व घरवाढ : करवजावट (अमेरिका)

राहत्या घरात मुले सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्याने त्यासाठी घराला खोली जोडली, पडवी बंदिस्त केली किंवा मजला चढवला, तर त्या खर्चापोटी अमेरिकेच्या संघीय आयकरात मिळणारी सवलत. बोलीत हिला सरसकट ‘वजावट’ म्हणतात आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. बांधकामाचा खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होत नाही. वजा होतो तो त्याच्यावरचा घसारा, आणि तोही वापराच्या प्रमाणात. खोलीवर किती डॉलर घातले याहून ती वर्षाकाठी किती तास पाळणाघराच्या कामी येते आणि उरलेल्या वेळी तिथे कोण वावरते, यावर आकडा जास्त हलतो.

१९७६च्या करसुधारणा कायद्याने अंतर्गत महसूल संहितेत कलम २८०-ए आणून घरगुती व्यवसायांची वजावट आवळली. घराचा जो भाग व्यवसायाचा म्हणून दाखवायचा, तो नियमितपणे आणि निव्वळ व्यवसायासाठीच वापरलेला असावा, अशी अट आली. पाळणाघराला ही अट झेपणारी नव्हती. दुपारी मुले ज्या टेबलावर जेवतात त्यावरच रात्री घरचे जेवतात. म्हणून १९७७ साली अपवाद घालण्यात आला : मुले, ६५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती आणि शारीरिक वा मानसिक कारणाने स्वतःची काळजी घेऊ न शकणारे यांना सांभाळणाऱ्याला नियमित वापर पुरतो, ‘निव्वळ’ची अट नाही. मात्र राज्याच्या कायद्यानुसार परवाना मिळालेला असावा, त्यासाठी अर्ज केलेला असावा किंवा परवान्यातून सूट असावी. अर्ज फेटाळला गेला किंवा परवाना रद्द झाला की अपवादही गेला. परवान्याचे नियम राज्यागणिक निराळे आहेत.

या अपवादाची किंमत तासांत मोजली जाते. घराच्या व्यावसायिक वापराच्या खर्चासाठी असलेल्या फॉर्म ८८२९वर आधी क्षेत्राचे प्रमाण काढायचे, मग काळाचे, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. फॉर्मच्या सूचनांतच एक उदाहरण आहे : २५० दिवस रोज १२ तास आणि ५० शनिवारी ८ तास, म्हणजे ३,४०० तास. वर्षाचे तास ८,७६० (लीप वर्षी ८,७८४), तेव्हा काळाचे प्रमाण ३८.८१ टक्के. आता १,५०० चौ. फुटांचे घर घ्या, त्यातले १,००० चौ. फूट पाळणाघराच्या वापरात. गुणाकार येतो २५.८७ टक्के. या घराला ६०,००० डॉलर खर्चून ३०० चौ. फुटांची खोली जोडली आणि दिवसा मुले, रात्री घरचे असा तिचा वापर राहिला, तर टक्केवारी २८.०३ होते, छेद वाढतो, तसा अंशही वाढतो, पण फरक दोन टक्क्यांच्या आसपासच. पाळणाघर म्हणजे भाड्याने दिलेले निवासी घर नव्हे, म्हणून घसाऱ्याची मुदत ३९ वर्षांची. पूर्ण वर्षाचा घसारा १,५३८ डॉलर, त्याचे २८.०३ टक्के म्हणजे ४३१ डॉलर. साठ हजारांच्या कामापोटी पहिल्या वर्षी तर एवढेही नाही, कारण खोली वापराला तयार झाली त्या महिन्याच्या मध्यापासून घसारा सुरू होतो. कंत्राटदाराला पैसे कधी दिले याला महत्त्व नाही. मालकाने स्वतः केलेल्या मजुरीची किंमतही खर्चात धरत नाहीत.

यावर आक्षेप असा की वाढीव खोली फक्त पाळणाघरासाठी राखली तर तासांचा प्रश्नच उरत नाही. हे खरे आहे, आणि फायदाही मोठा आहे : राखीव ३०० चौ. फूट पूर्ण धरायचे, सामायिक १,०००वर काळाचे प्रमाण लावायचे, दोन्ही मिळून ३८.२३ टक्के. वीज, विमा, घरकर्जाचे व्याज या सगळ्यांना तीच टक्केवारी लागते आणि खोलीचा घसारा पूर्ण १,५३८ डॉलर मिळतो. पण ‘राखीव’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. संध्याकाळी घरचा मुलगा त्या खोलीत अभ्यासाला बसला किंवा कोपऱ्यात शिवणयंत्र आणि पाहुण्यांची गादी आली, की खोली पुन्हा तासांच्या हिशेबात गेली. सामायिक खोलीत एक सोय आहे. महसूल निर्णय ९२-३नुसार खोली कामाच्या दिवशी सतत उपलब्ध आणि नियमित वापरात असेल, तर मुले तिथे कितीला झोपली, कितीला उठली याची नोंद लागत नाही. दोन्ही प्रकारांत वजावटीला व्यवसायाच्या उत्पन्नाची मर्यादा असते. घसारा रांगेत शेवटी उभा असतो आणि उरला तर पुढच्या वर्षावर जातो.

सोपी पद्धत (२०१३पासून) : चौ. फुटाला ५ डॉलर, कमाल ३०० चौ. फूट, सामायिक वापर असल्यास दर तासांच्या प्रमाणात कमी. ही पद्धत निवडली त्या वर्षी घराचा घसारा नाही.

दुरुस्ती म्हणजे घरवाढ नव्हे. गळके छप्पर सांधले तर तो त्याच वर्षीचा खर्च, खोली जोडली तर भांडवली. कुंपणाची मुदत १५ वर्षे. आतल्या काही सुधारणांनाही १५ वर्षांची मुदत मिळू शकते, पण राहत्या घरातल्या पाळणाघराला ती कितपत लागू पडते यावर सल्लागारांत एकमत नाही. घरवाढीपुरता हा वाद निरर्थक आहे. इमारतीचा विस्तार त्या तरतुदीतून नाव घेऊन वगळला आहे.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो : घर विकताना घसारा परत करपात्र होतो, तेव्हा तो घेऊच नये. राहते घर विकल्यावर अडीच लाख डॉलरपर्यंतचा (पतिपत्नींना मिळून पाच लाख) नफा करमुक्त असला, तरी ६ मे १९९७ नंतरच्या घसाऱ्याइतका नफा त्यातून सुटत नाही आणि त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर पडतो. पण कायदा ‘घेतलेला किंवा घेता आला असता तो’ घसारा मोजतो. घसारा घेतलाच नाही हे पुरेशा नोंदींनी दाखवता आले नाही, तर न घेणाऱ्यालाही विक्रीच्या वेळी तोच हिशेब लागतो. शिवाय आज घेतलेला घसारा आयकराबरोबर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार करही कमी करतो, विक्रीच्या वेळी तो कर परत लागत नाही. म्हणून आक्षेपात तथ्य असले तरी निष्कर्ष उलटा निघतो. वाढीव खोली त्याच छपराखाली असेल तर उरलेला नफा विभागावा लागत नाही. अंगणात स्वतंत्र बांधली असेल तर विभागावा लागतो.

भारतात अंशतः व्यवसायाला वापरलेल्या राहत्या वास्तूच्या प्रमाणशीर वजावटीची तरतूद १९६१च्या आयकर कायद्यातील कलम ३८ने केली; तासांचे सूत्र त्यात नाही.