यंत्रपुरुषाची चित्रमालिका व तिचे प्रेक्षक

नाटकांचा इतिहास लिहिणारे लेखक नाटककारांचा, नटांचा आणि मंडळ्यांच्या मालकांचा वृत्तांत मोठ्या हौसेनें देतात. परंतु पुढच्या खुर्चीपासून पिटापर्यंत दाटीनें बसलेल्या मंडळींस तें नाटक पाहून काय वाटलें, हें ते क्वचितच सांगतात. चित्रपटांची गत याहून निराळी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याचें रोप कसें उगवतें हें टप्प्याटप्प्यानें टिपलेल्या चित्रांतून दाखविलें, आणि तें पाहून भांडवल देणारे गृहस्थ पुढें आले. त्या प्रेक्षकाचें मत आपणांस ठाऊक आहे, कारण तें रुपयांच्या रूपानें व्यक्त झालें. पण १९१५ मध्यें फाळक्यांनीं 'आगकाड्यांची मौज' काढून काड्यांस आपोआप नाचावयास लाविलें, किंवा १९३४ मध्यें प्रभात कंपनीनें 'जंबूकाका' हें हालतें व्यंगचित्र काढलें, तेव्हां समोरचीं पोरें हसलीं कीं जांभया देत राहिलीं, हें शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं.

ही उणीव आम्हांस विशेष जाणवली ती एका जपानी चित्रमालिकेच्या निमित्तानें. भविष्यकाळांतील यंत्रयुद्धाची ही कथा तीन वेगवेगळ्या वाटांनीं प्रेक्षकांपुढें आली, आणि प्रत्येक वाटेनें तिजविषयींचें मत निराळें झालें. प्रेक्षकाची रुचि, वय, शिक्षण यांचा परिणाम मतावर होतो हें सर्वमान्य आहे. पण खेळ त्याच्या हातीं कोणत्या पात्रांतून येतो, यावरहि तें मत किती अवलंबून असतें, हें या उदाहरणावरून चांगलें दिसतें.

मित्सुतेरु योकोयामा (१९३४-२००४) हा कोबे शहरचा चित्रकथाकार. १९४५ सालीं अमेरिकन विमानांनीं कोबे जाळलें तेव्हां तो दहा-अकरा वर्षांचा होता. पुढें १९५६ मध्यें त्यानें युद्धाच्या अखेरीस जपानी लष्करासाठीं बांधलेल्या एका महाकाय यंत्रपुरुषाची कथा लिहिली; नियंत्रक पेटी ज्याच्या हातीं त्याचा तो गुलाम, मग तो साधु असो कीं चोर. या कल्पनेचें दुसरें रूप म्हणजे १९६७ मधील 'जायंट रोबो'. तीवरून त्याच वर्षीं तोएई कंपनीनें खरे नट घेऊन २६ भागांची दूरचित्रवाणी मालिका काढली. हीच मालिका 'जायंट रोबॉट' या नांवानें आपल्याकडील दूरदर्शनवर १९८० नंतरच्या दशकांत दाखविली गेली, आणि आमच्या पिढीच्या पुष्कळ वाचकांस ती आठवत असेल. मनगटावरील घड्याळांत बोलून अजस्र यंत्रास हुकूम सोडणारा मुलगा पाहिल्यावर शाळेंतील निम्म्या मुलांनीं मनगटाशीं कुजबुजण्यास आरंभ केला होता.

त्या वेळचें मत कसें बनत असे तें पाहावें. आठवड्यांतून एकदां, ठराविक वेळीं, शेजाऱ्याच्या ओसरीवर पंचवीस-तीस डोकीं एका लहानशा पडद्यासमोर. मध्येंच वीज गेली तर तो भाग कायमचा गेला. अशा प्रेक्षकाच्या स्मरणांत कथेचा ओघ राहत नाहीं, चित्रें राहतात. शेवटीं मुलाची हांक न ऐकतां तो यंत्रपुरुष शत्रूस कवटाळून आकाशांत जातो व तेथेंच नष्ट होतो. या प्रसंगीं रडलेलीं माणसें आज पन्नाशी ओलांडून गेलीं आहेत व त्यांचें मत बदललेलें नाहीं. १९९३ मध्यें दूरदर्शनवर आलेल्या जपानी 'मोगली'चेंहि असेंच झालें. नाना पाटेकरांच्या आवाजांतील शेरखान घरोघर ओळखीचा झाला. तीं चित्रें जपानांत काढलेलीं होतीं हें कित्येकांस फार उशिरां कळलें.

जपानांत मात्र प्रेक्षकांच्या मताची सत्ता यापूर्वींच सिद्ध झाली होती. 'गुंडाम' ही भविष्यकालीन युद्धाची मालिका १९७९ सालीं सुरू झाली. बावन्न भाग योजिलेले, पण खेळणीं खपेनात म्हणून ४३ भागांतच ती आटोपती घ्यावी लागली. पुढें पुनःप्रक्षेपणांत तिचा असा बोलबाला झाला कीं १९८१-८२ मध्यें तीवरून तीन चित्रपट निघाले. १९९५-९६ च्या 'इव्हान्गेलियन' मालिकेचा शेवट पाहून प्रेक्षक इतके खवळले कीं दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यानें १९९७ मध्यें चित्रपटांतून दुसरा शेवट दिला, व प्रेक्षकांच्या संतप्त पत्रांचीं चित्रेंहि त्यांत क्षणभर झळकविलीं. निंदकास आपल्याच कलाकृतींत जागा देणारा लेखक विरळा. यांत औदार्य किती व सूड किती याचा निवाडा करणें कठीण आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. १९९२ सालीं यासुहिरो इमागावा या दिग्दर्शकानें 'जायंट रोबो'ची हालत्या चित्रांची नवी मालिका आरंभिली. ती दूरचित्रवाणीसाठीं नव्हती. एकेक भाग तयार होई व विकत घेणाऱ्याच्या घरीं जाई. भाग अवघे सात. पण सातवा बाहेर पडावयास १९९८ उजाडलें. पहिला भाग घेतला तेव्हां जो शाळेंत होता तो शेवटचा भाग घेतेवेळीं नोकरींत असावा! या प्रेक्षकांच्या मतांत प्रतीक्षेचा त्रागा मिसळणें स्वाभाविक होतें. चित्रें सुंदर, वॉर्सा येथील वाद्यवृंदानें वाजविलेलें संगीत भव्य, पण कथा पुढें सरकत नाहीं, अशी कुरकूर निघण्यास या खंडित पुरवठ्यांत पुरेसें कारण होतें.

ही कथा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. शिझुमा नांवाच्या शास्त्रज्ञाच्या शोधामुळें भविष्यकाळांत तेल व अणुशक्ति यांची गरज संपली आहे; नव्या शक्तीनें धूर होत नाहीं, विष उरत नाहीं. दहा वर्षांपूर्वीं या शोधाच्या प्रयोगांत एक अख्खा देश नष्ट झाला आणि त्याचा दोष फोग्लर नामक शास्त्रज्ञाच्या माथीं बसला. त्याचा मुलगा सूड घेण्यास निघतो व जगांतील सारीं यंत्रें थंड पडूं लागतात. चालतो तो फक्त दाइसाकू या मुलाचा यंत्रपुरुष, कारण त्याच्या पोटांत जगानें टाकून दिलेली जुनी, भयंकर अणुशक्ति आहे. बलिदानावांचून सुख मिळूं शकतें काय, हा बापानें मरतांना विचारलेला प्रश्न त्या मुलाच्या मानगुटीस बसला आहे. आणि अखेरीस उघड होतें तें असें, कीं फोग्लरचा निरोप त्याच्या मुलानें उलटाच समजून घेतला होता. उतावीळपणा केला होता इतरांनीं, आणि बाप जगास वांचवूं पाहत होता.

हा उलगडा सातव्या भागांत आहे. तेव्हां पहिल्या दोन-तीन भागांवर ज्यानें मत बनविलें त्याचीहि त्या मुलासारखीच फसगत होणार! आपल्याकडे चातुर्मासांत रोज एक अध्याय याप्रमाणें 'हरिविजय' ऐकणारा श्रोता व सप्ताहांत बैठक मोडूं न देतां ग्रंथ संपविणारा श्रोता यांचें ऐकणें एक नसतें, हें आपण जाणतों. पहिल्यास आजच्या अध्यायाची गोडी अधिक. दुसऱ्यास ग्रंथाची घडण दिसते. पुढें या चित्रमालिकेचे सातहि भाग तबकड्यांवर एका पेटींत मिळूं लागले, तेव्हां तिला सप्ताहाचा प्रेक्षक लाभला.

अशी एक पेटी जपानांत नोकरीस असलेल्या आमच्या एका आप्तानें आणली व ती प्रथम शिरूरास आणि मग दौंडास फिरली. घोडनदीकांठचें शिरूर हें पुणें-नगर रस्त्यावरचें गांव. जवळच रांजणगांवची औद्योगिक वसाहत असल्यानें तेथील घरांत यंत्रांची भाषा सहज चालते. तेथें तीन संध्याकाळीं मिळून सातहि भाग पाहिले गेले. इंग्रजी तळटिपा वाचून वडीलधाऱ्यांस अर्थ सांगण्याचें काम आम्हांकडे होतें. कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांस मारामारीचा पहिला भाग सर्वांत आवडला, व पात्रें वारंवार ओरडतात, मरतां मरतां भाषणें करतात, ही त्यांची तक्रार होती. ती आम्हांस अगदीं रास्त वाटते. घरांतील आजीबाई आरंभीं "हीं पोरांचीं चित्रें मला कशाला?" म्हणून वाती वळीत बसल्या होत्या. सातव्या भागांत निरोपाचा उलगडा झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, हें तर द्रोणाचार्यांचें झालें! अश्वत्थामा गेल्याचें तेवढें ऐकूं आलें, आणि पुढचें शंखांच्या आवाजांत बुडालें." या एका वाक्यांत कथेचें मर्म जितकें आलें, तितकें आम्ही वाचलेल्या कोणत्याहि परीक्षणांत आलेलें नाहीं.

दौंडचा प्रेक्षक निराळा निघाला. मुंबई-सोलापूर मार्गावरून मनमाडकडे फांटा जेथें फुटतो तें हें जंक्शन. गांवाचें घड्याळ गाड्यांवर चालतें. तेथील एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यानें वीर व खलपुरुष यांच्याकडे जवळजवळ दुर्लक्षच केलें. त्यांचें लक्ष शिझुमाच्या शक्तीवर. कोळसा गेला व डिझेल आलें, डिझेल मागें पडलें व वरून तारा आल्या; प्रत्येक वेळीं "आतां हें शेवटचें" असें साहेब लोक सांगत, असें ते म्हणाले. सारें जग एकाच शक्तीवर टांगून ठेवणारे शास्त्रज्ञ त्यांना फोग्लरच्या सूडाहून अधिक भयंकर वाटले. जुनें इंजिन एखादें तरी कोठें धुवूनपुसून ठेवलेलें असावें, तसा तो यंत्रपुरुष आहे, असाहि त्यांचा अभिप्राय पडला. त्यांच्या नातवास मात्र हा सगळा विचार नकोसा झाला. त्याच्या मतें यंत्रपुरुष फार कमी वेळ दिसतो, आणि वेळ मोजून त्यानें तें सिद्धहि करून दाखविलें.

पेटीनें सगळेंच दोष झांकले असें नाहीं. इमागावानें योकोयामाच्या इतर ग्रंथांतील पात्रें, अगदीं चिनी पुराणकथांवरून रचलेलीं सुद्धां, येथें एकत्र आणलीं आहेत; जपानी वाचकास तीं ओळखीचीं, आपणांस मात्र लग्नाच्या मांडवांतील परक्या पाहुण्यांसारखीं. शिवाय ही कथा एका मोठ्या महाकथेचा केवळ एक खंड म्हणून मांडलेली आहे, आणि त्या महाकथेचे बाकीचे खंड कधींच निघाले नाहींत. म्हणजे ज्यास आपण पूर्ण संच म्हणतों त्यांतहि कित्येक प्रश्न उघडेच राहतात. दूरदर्शनवरचा प्रेक्षक असली अपूर्णता निमूटपणें सोशीत असे. पैसे मोजून पेटी घेणारा ती सोशीत नाहीं, व त्याच्या रागांत गिऱ्हाइकाचा राग असतो.

बलिदानाच्या प्रश्नावर दोन्ही गांवीं एकमत झालें नाहीं. शिरूरच्या आजीबाईंच्या मतें बलिदानावांचून कांहींच मिळत नाहीं, आणि बापानें मुलास असला प्रश्न विचारूनच मरूं नये. दौंडच्या गृहस्थांचें म्हणणें असें, कीं बलिदान कोणाचें हें ठरविणारे स्वतः नेहमीं सुरक्षित डब्यांत बसलेले असतात. पेटी हल्लीं दौंडासच आहे. सहावा भाग पुन्हां पाहावयाचा आहे म्हणून आजीबाईंनीं ती दिवाळीपूर्वीं परत मागविली आहे.