मिनी डीव्ही फितींवरील चित्रण संगणकात उतरवताना

डीव्ही हे अंकीय चित्रणाचे स्वरूप 1995 मध्ये बाजारात आले. त्यानंतरच्या वर्षांत लग्नकार्ये, गावची जत्रा, हौशी मंडळींचे नाट्यप्रयोग मिनी डीव्ही फितींवर टिपले गेले. त्या फिती आज कपाटांत पडून आहेत. त्यांची नक्कल करून घेण्याचे काम लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरते. कारण फितींबरोबरच त्या चालवणारे कॅमेरे आणि जोडणीची साधनेही दुर्मीळ होत चालली आहेत.

जोडणी : फितीवरील चित्रण मुळातच अंकीय असल्याने ते दर्जा न घटता उतरवता येते. त्यासाठी आयईईई 1394 अर्थात फायरवायर ही जोडणी लागते. सोनीच्या कॅमेऱ्यांवर तिला ‘आय-लिंक’ म्हणतात. कॅमेऱ्याकडील टोक चार पिनांचे, तर संगणकाकडील बहुधा सहा पिनांचे असते. अनेक कॅमेऱ्यांना यूएसबीचीही सोय असते. पण ती बहुतांशी कार्डावरील छायाचित्रांसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी असते. फायरवायरची तार यूएसबीत बसवणारे स्वस्त जोडतुकडे या कामी निरुपयोगी ठरतात. डेस्कटॉप संगणकात फायरवायरचे स्वतंत्र कार्ड बसवता येते. मॅकओएस 26 मध्ये मात्र फायरवायरची सोय काढून टाकण्यात आली आहे.

कृती : फितीच्या कडेचा खटका प्रथम ‘सेव्ह’ बाजूस सरकवावा, म्हणजे जुन्या चित्रणावर चुकून नवे चित्रण होत नाही. दोन्ही यंत्रे बंद असतानाच तार जोडावी. सहा पिनांचे टोक उलटे दाबून बसवल्यास कॅमेऱ्याची जोडणी जळू शकते. कॅमेरा बॅटरीऐवजी अडॅप्टरवर चालवावा व ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’ स्थितीत ठेवावा. उतरवण्यासाठी विंडोजवर विनडीव्ही, तर लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे प्रोग्राम वापरता येतात. साठ मिनिटांच्या फितीला साठ मिनिटेच लागतात आणि सुमारे 13 जीबी जागा व्यापली जाते. हार्ड डिस्क फॅट 32 पद्धतीची असल्यास एका फाइलला 4 जीबीची मर्यादा पडते. तिच्यात वीस मिनिटांचेही चित्रण मावत नाही.

अडचणी : पडद्यावर चौकोनी तुकडे दिसू लागले, तर बहुधा कॅमेऱ्याचे हेड मळलेले असते. सफाईची कॅसेट काही सेकंदच फिरवावी. ‘एलपी’ गतीने भरलेली फीत शक्यतो ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले त्याच कॅमेऱ्यात लावावी. किनारपट्टीच्या दमट हवेत फितींना बुरशी धरते. अशी फीत कॅमेऱ्यात घातल्यास हेड खराब होते व बुरशी इतर फितींनाही लागू शकते. म्हणून ती वेगळी ठेवून जाणकाराकडे सोपवावी.

जतन : उतरवलेली मूळ डीव्ही फाइल तशीच राखावी, मोबाइलवर पाहण्यासाठी लहान आकाराची प्रत निराळी काढावी. मूळ फाइलची दुसरी नक्कल वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी असावी. दोन्ही प्रती अथपासून इतिपर्यंत पाहून खात्री झाल्यावरही फीत टाकून देऊ नये.