आदर हवा, पण अर्धा नको

नगर जिल्ह्यातल्या महार-मांगांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो माणूस म्हणून मान मिळावा म्हणून. मग हरेगावच्या मतमाउलीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या समलिंगी लेकराला तो मान अर्धाच का? १९९२ ची कॅथलिक धर्मशिकवण त्याला आदराने वागवा म्हणते, पण त्याचे शरीरसंबंध विकृत ठरवते. २०१३ मध्ये मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस म्हणाले, समलिंगी गुन्हेगार नाहीत. विवाहाला विरोध मात्र कायम. २०२३ मध्ये रोमने अशा जोडप्यांना आशीर्वादाची मुभा दिली, विवाहाची नाही.

मित्रांनो, १९३४ मध्ये बाबासाहेबांनी र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'चा खटला लढवला. लैंगिक प्रश्नांना उत्तर देणे अश्लील नाही, ही त्यांची बाजू. खटला हरला, मुद्दा टिकला. दया नको, हक्क द्या, हे चर्चला सांगू. आधी आपल्या विहारात पाळू.

जय भीम!