फोर्कलिफ्ट अपघात (उंचसखल जमिनीवरील)

कारखाना, गोदाम किंवा बंदरातील खड्डे, उतार, फुटलेला कोबा, नाल्यांची झाकणे यांमुळे फोर्कलिफ्ट उलटून, तिच्यावरील माल घसरून किंवा चालकाला हादरे बसून होणाऱ्या इजा. मोटारीला असतात तशा स्प्रिंगा बहुतेक फोर्कलिफ्टना नसतात. अनेकींचे टायरही भरीव रबराचे. म्हणून येथे जमीन हा यंत्राचाच एक भाग मानावा लागतो.

चाके चार असली तरी गाडीचा तोल तीन बिंदूंवर असतो : पुढची दोन चाके आणि मागचा आस ज्या खिळीवर डुलतो ती जागा. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा या त्रिकोणाबाहेर पडली की गाडी कलंडते. माल जितका उंच, तितका जमिनीतला दोष वाढत जातो. डाव्या-उजव्या चाकांत १ मी. अंतर असून एक चाक १० मिमी. खाली गेले, तर ४ मी. उंचीवरचा माल सुमारे ४० मिमी. बाजूला सरकतो. हा हिशेब उभ्या गाडीचा. चालत्या गाडीला झोका बसतो तो वेगळाच. रिकामी गाडी निर्धोक असते, हा समजही खोटा. मागच्या प्रतिभारामुळे तिचा गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातो. वेगात वळताना चाक खड्ड्यात गेले की ती आडवी होते.

अशा वेळी उडी मारण्याची ऊर्मीच जिवावर बेतते, कारण डोक्यावरचा संरक्षक सांगाडा उडी मारणाऱ्याच्याच अंगावर येतो. पट्टा बांधलेल्या चालकाने स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि कलंडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकून आतच राहावे. उभ्याने चालवायच्या, मागून उघड्या गाड्यांत मात्र मागे उतरून दूर होण्यास शिकवतात. सततच्या हादऱ्यांनी जडणारे कंबरदुखीसारखे विकार सावकाश येतात, त्यामुळे अपघातांच्या नोंदीत ते सहसा दिसत नाहीत.

अमेरिकेच्या नियमांनुसार १० टक्क्यांहून अधिक चढ-उतारावर भरलेली गाडी नेताना माल चढाच्या बाजूला ठेवावा लागतो आणि रेल्वे रूळ शक्य तेथे तिरके ओलांडावे लागतात. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ ने जमीन भक्कम बांधण्याची व नीट राखण्याची अट घातली. ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढेच नोंदवून खड्डा तसाच सोडणारा अपघात-अहवाल अपुरा होय.